ढगात ठेवलंय म्हणजे नेमकं कुठं?

गेल्या अंकात शेवटी एक ओळ टाकली होती, क्लाऊडबद्दल काही विचारायचं असेल तर कळवा म्हणून. वाटलं होतं चार-पाच प्रश्न येतील, संपादकांनी फॉरवर्ड करकरून माझा फोनच भरवला आणि मग त्याच फोनवर "स्टोरेज फुल्ल" आलं, म्हणजे विषयाला धरूनच झालं म्हणायचं. बरेच प्रश्न एकसारखे होते, ते एकत्र केलेत. आधी पत्र आणि खाली माझं उत्तर, असं वाचा. नावं कुणाचीच घातली नाहीत, कारण दोघा-तिघांनी पत्रात पासवर्डच लिहून पाठवलेत. असं करू नका हो, मलासुद्धा नको.

मी बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातला निवृत्त मास्तर. नातू पुण्याला असतो. तो म्हणतो आजोबा फोनमधलं सगळं क्लाऊडवर आहे, काळजी करू नका. मी विचारलं क्लाऊड म्हणजे कुठं, तर म्हणाला "वर". आमच्याकडं जून ते सप्टेंबर वर ढगच असतात, खरं त्यातनं पाण्याशिवाय काय पडलेलं बघितलं नाही.

सर, नातवाला सांगा, वर नाही, खाली. अगदी जमिनीवर. मोठ्या मोठ्या इमारती असतात, आत कपाटासारखे रॅक, रॅकमध्ये एकावर एक रचलेले कॉम्प्युटर, त्यांना थंड ठेवायला चोवीस तास चालणारी यंत्रणा, लाईट गेली तर बॅटऱ्या आणि मागे जनरेटर. ह्यालाच डेटा सेंटर म्हणतात, आणि अशी अनेक डेटा सेंटर एकमेकांना जोडून त्यातली जागा आणि ताकद लोकांना भाड्यानं देणं म्हणजे क्लाऊड. अमेझॉननं हा धंदा 2006 साली सुरू केला, मार्चमध्ये फायली ठेवायची सोय आणि ऑगस्टमध्ये भाड्याचा कॉम्प्युटर. आपल्या देशात मायक्रोसॉफ्टनं 2015 ला पुणे, मुंबई आणि चेन्नई इथं सुरू केलं, अमेझॉन 2016 ला मुंबईत आली, 2022 ला हैदराबादला, गूगलचं 2017 ला मुंबईत आणि 2021 ला दिल्लीत. आता तुमचे फोटो ह्यातल्या नेमक्या कुठल्या इमारतीत आहेत ते कंपनी सांगत नाही, देशाबाहेरही असतील. बाहेर असले तरी येतात आकाशातनं नाही, समुद्राच्या तळाशी टाकलेल्या केबलमधनं, त्या मुंबई-चेन्नईला किनाऱ्यावर येतात.

मग ढग कशाला म्हणतात? इंजिनियर लोक नेटवर्कचं चित्र काढताना आपल्याकडचा भाग नीट चौकोन-रेघांनी काढायचे आणि ज्या भागात काय चाललंय त्याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही तिथं एक ढग काढून मोकळे व्हायचे. ते नाव चिकटलं.

माझ्या लहानपणी बेळगावच्या शहापूर-वडगावात कितीतरी घरांच्या परसात विहीर होती. दोर आपला, रहाट आपला, गाळ काढायचा तोही आपणच. मग राकसकोप धरणाचं पाणी नळाला आलं, गाळाची भानगड गेली, बिल सुरू झालं, आणि ज्या दिवशी नळ येत नाही त्या दिवशी हंडा घेऊन बघत बसणं आलं. घरचा कॉम्प्युटर म्हणजे विहीर आणि क्लाऊड म्हणजे नळ, एवढं धरून पुढचं वाचा, बराचसा उलगडा होतोय.

शहापूरहून लिहिते आहे. फोन भरला म्हणून मुलीच्या लग्नाचे फोटो फोनमधनं काढले, गूगलवर आहेत म्हणून. आता गूगलवरनंही गेलेत. असं कसं झालं? जावई काय म्हणतील ह्याची भीती वाटतेय.

अक्का, आधी फोन घ्या हातात, बाकीचं नंतर वाचा. गूगल फोटोज उघडा आणि त्यात ट्रॅश नाहीतर बिन असं लिहिलेलं शोधा. बॅकअप झालेला फोटो डिलीट केला की लगेच जात नाही, 60 दिवस तिथं पडून असतो. फोटोवर बोट दाबून धरा, रिस्टोअर करा. बॅकअप न झालेले असतील तर मुदत 30 दिवसच असते, म्हणून आजच.

झालं? आता कसं झालं ते. तुम्ही एकट्या नाही, माझ्याकडं आलेल्या प्रश्नांत हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा आहे, आणि चूक लोकांची नाही, त्या शब्दांची आहे. फोनवर लिहून येतं "बॅकअप इज ऑन", आपण समजतो की एक प्रत तिकडं सुरक्षित ठेवली. पण तिथं बॅकअपबरोबर सिंकही चालू असतं, आणि सिंक म्हणजे आरसा. इकडं कुंकू लावलं की आरशातल्या बाईच्या कपाळावर दिसणार, इकडं पुसलं की तिकडंही पुसलेलं. फोनमध्ये डिलीट केलं की गूगल समजतं तुम्हाला तो फोटोच नको झालाय, मग ते इमानदारीत सगळीकडनं काढतं, दुसऱ्या फोनवरनं, टॅबवरनं, सगळीकडनं. खरा बॅकअप म्हणजे झेरॉक्स काढून कोल्हापूरला भावाच्या कपाटात ठेवणं. इथं मूळ कागद फाटला, जळाला, कुणी रागानं टरकावला तरी कोल्हापूरच्या कपाटाला त्याचा पत्ताच नसतो.

फोनमध्ये फक्त जागा करायची असेल तर त्याच ॲपमध्ये "फ्री अप स्पेस" म्हणून वेगळं बटण आहे, ते फोनमधली प्रत काढतं आणि गूगलवरची ठेवतं. डिलीटचं बटण आणि हे बटण, दोन्ही दिसायला सारखीच निरुपद्रवी. हा फरक त्यांनी चार मोठ्या अक्षरांत का लिहू नये हे मला आजपर्यंत कळलेलं नाही.

आणि लग्नाचे फोटो आहेत म्हणून सांगते, एक पेनड्राईव्ह किंवा हार्डडिस्क घेऊन त्यात भरून मुलीकडं ठेवायला द्या. जावयांना हेच सांगा, की तुमच्यासाठी वेगळी कॉपी काढत होते म्हणून हलवाहलव झाली.

फुकटची 15 जीबी भरली, मेल यायचे बंद झाले. बँकेचे मेलसुद्धा येईनात. पैसे भरावेच लागतील काय? (पाच-सहा जण)

नाही, लगेच नाही. ती 15 जीबी जीमेल, ड्राईव्ह आणि फोटोज तिघांत मिळून असते. 1 जून 2021 च्या आधी ठरावीक दर्जाचे फोटो त्यात मोजत नव्हते, त्या तारखेपासून मोजायला लागले. अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲप बॅकअपही आधी फुकट होता, 2023 च्या शेवटापासून हळूहळू तोसुद्धा ह्यातच धरायला लागले. म्हणजे तुमच्या बँकेच्या मेलची जागा बहुतेक फॅमिली ग्रुपवरच्या सुप्रभात व्हिडिओंनी खाल्लीय. व्हॉट्सॲपच्या बॅकअपमधनं व्हिडिओ वगळायची सोय आहे, ती लावा, मग गूगलच्या स्टोरेज पानावर मोठ्या फायली आधी दाखवतात त्यातल्या नको त्या काढा. ॲपलवाल्यांना तर फुकट 5 जीबीच मिळतात, त्यामुळं जास्त रडू नये.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत माझं छोटं मशीन शॉप आहे, चार सीएनसी, दोन व्हीएमसी, म्हणजे प्रोग्राम घालून चालवायची धातूकामाची मशीनं. ऑफिसात एक जुना कॉम्प्युटर सर्व्हर म्हणून वापरतो, त्यात अकाऊंट, बिलं, ड्रॉइंग सगळं. परवा एक जण येऊन सांगून गेला सगळं क्लाऊडवर टाका, सर्व्हरचं टेन्शन गेलं. खरंच जातंय काय? आणि तो आयास, पास, सास असलं काय काय बोलत होता, ते काय?

दादा, तुम्हाला तर हे सगळ्यात लवकर कळायला पाहिजे, कारण तुमच्या गल्लीत हा धंदा क्लाऊडच्या आधीपासून चालतोय. जॉबवर्क! स्वतःची व्हीएमसी घ्यायला ऐपत नाही किंवा महिन्यातनं दोनच दिवस लागतेय, मग शेजाऱ्याकडं अवर रेटनं, म्हणजे तासाच्या दरानं, काम टाकायचं. क्लाऊड म्हणजे कॉम्प्युटरचं जॉबवर्क, अवर रेटच असतो, काही ठिकाणी तर सेकंदावर मोजतात.

आता ते तीन शब्द. सास म्हणजे सासू नव्हे. समजा शेजाऱ्यानं तुम्हाला नुसतं मशीन आणि लाईट दिली, ऑपरेटर तुमचा, टूल तुमचे, प्रोग्राम तुमचा, ते आयास, म्हणजे नुसता भाड्याचा कॉम्प्युटर. मशीन, ऑपरेटर, टूलिंग त्याचं आणि तुम्ही फक्त प्रोग्राम घेऊन गेलात, ते पास, म्हणजे बाकी तयारी त्यांची, सॉफ्टवेअर तेवढं तुमचं. आणि तयार नट-बोल्ट दुकानातनं आणला, कुणी कुठल्या मशीनवर केला ह्याची चौकशीच केली नाही, ते सास, म्हणजे तयार सॉफ्टवेअर. जीमेल हे सास, ब्राउझरमध्ये चालणारी बिलिंगची सॉफ्टवेअरं हे सास. तुमच्यासारख्याला बहुतेक करून सासच लागतं, किंवा फारतर एक भाड्याचा कॉम्प्युटर ज्यावर तुमचं आहे तेच सॉफ्टवेअर बसवून देतात. तो विकणारा माणूस ह्यातलं नेमकं काय देतोय ते त्याला स्पष्ट विचारा, कारण पहिल्या प्रकारात विंडोज अपडेट करणं, अँटीव्हायरस, बॅकअप हे सगळं तुमच्याच गळ्यात राहतं, मग टेन्शन कुठं गेलं, नुसती जागा बदलली की.

स्वस्त पडतं काय? जॉबवर्कचाच हिशोब लावा. मशीन तिन्ही शिफ्ट चालणार असेल तर शेजाऱ्याला अवर रेट देत कुणी बसत नाही, स्वतःचं घेतो. काम कमी-जास्त होत असेल, मार्चमध्ये गर्दी आणि जूनमध्ये शुकशुकाट, तर भाड्याचं परवडतं. मोठ्या कंपन्यांतसुद्धा दोन्ही चालतं. नेटफ्लिक्सचा 2008 साली डेटाबेस बिघडला आणि तीन दिवस त्यांना डीव्हीडी पाठवता आल्या नाहीत, तेव्हापासून त्यांनी अमेझॉनच्या क्लाऊडवर जायला घेतलं ते 2016 च्या जानेवारीत पूर्ण केलं. आणि त्याच 2016 साली ड्रॉपबॉक्सनं सांगितलं की आम्ही बहुतेक सगळा डेटा अमेझॉनवरनं काढून स्वतःच्या मशीनवर आणला. दोघंही शहाणेच आहेत, कामं वेगळी.

एक गोष्ट मात्र नीट ऐका. तो जुना कॉम्प्युटर जळाला तर काय, ह्या भीतीनं तुम्ही जाणार आहात, ते बरोबर आहे, तशी भीती पाहिजेच. पण क्लाऊड जळत नाही असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. 10 मार्च 2021 ला फ्रान्समध्ये स्ट्रासबर्ग गावात ओव्हीएच नावाच्या मोठ्या कंपनीचं डेटा सेंटर जळालं, पाच मजली इमारत गेली, आणि ज्यांचा बॅकअपही त्याच आवारात होता त्यांचं दोन्ही गेलं. निपाणीला तंबाखू ठेवायला वखार भाड्यानं घेतली तर भिंत आणि छप्पर मालकाचं, खरं आत माल किती, कुलूप कसलं, विमा उतरवलाय की नाही हे तुमचं. क्लाऊडमध्येही अशीच वाटणी असते, कंपनी इमारत आणि मशीन सांभाळते, पासवर्ड कुणाला दिला, बॅकअप दुसऱ्या गावात आहे का, हे आपल्याकडं. जुन्या लोकांचा नियम आहे, तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या वस्तूंवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. क्लाऊड ही त्यातली एक धरा, तिन्ही नव्हे.

मग इंटरनेट. आपल्या इकडं लाईट गेली तर हेस्कॉम ह्या वीज कंपनीला फोन लावायची सवय आहे आणि इन्व्हर्टर आहे. इंटरनेटची केबल मात्र रस्त्याच्या कडेला जेसीबी दिसला की समजायची. बिल क्लाऊडवर आणि दारात ट्रक उभा, असा प्रसंग वर्षातनं दोनदा जरी आला तरी तुम्ही मला शिव्या घालणार. म्हणून दुसऱ्या कंपनीची एक लाईन किंवा निदान चालू डेटा असलेलं मोबाईल हॉटस्पॉट ठेवा. ड्रॉइंगच्या फायली किती आहेत तेही बघा, 100 जीबी असतील आणि तुमच्या लाईनला अपलोडचा स्पीड 20 एमबीपीएस असेल तर अकरा-बारा तास न थांबता लागतात, "तासाभरात हलवून देतो" म्हणणाऱ्याला हा हिशोब दाखवा.

आणि सही करण्याआधी शेवटचं. विचारा, दोन वर्षांनी मला सोडायचं झालं तर माझा डेटा कुठल्या स्वरूपात, किती दिवसांत, किती पैशात परत मिळणार. ह्या प्रश्नावर जो चाचरला त्याला चहा पाजून वाटेला लावा.

मी व्हीटीयू ह्या इंजिनियरिंगच्या विद्यापीठाचा पाचव्या सेमिस्टरचा विद्यार्थी. क्लाऊडच्या व्याख्येत पाच गुण पाठ करायला लावलेत, ते कळत नाहीत. प्रॅक्टिससाठी खातं काढायला गेलो तर कार्ड नंबर मागतात. बाबांचं कार्ड देऊ काय?

थांब बाळ, कार्ड खिशात ठेव आधी.

ते पाच गुण अमेरिकेतल्या निस्ट नावाच्या सरकारी संस्थेनं 2011 च्या सप्टेंबरमध्ये लिहिलेत. परीक्षेत इंग्रजीतच लिही, समजून मात्र असं घे, की कुणाला फोन न करता आपलं आपण मशीन घेता आलं पाहिजे, फोन-लॅपटॉप कशावरनंही पोचता आलं पाहिजे, एकाच ढिगातनं सगळ्या गिऱ्हाइकांना वाटता आलं पाहिजे, गर्दी झाली की वाढवता आणि ओसरली की कमी करता आलं पाहिजे, आणि वापर मीटरवर मोजता आला पाहिजे. ह्यातलं ढिगातनं वाटणं जमतं ते व्हर्च्युअल मशीनमुळं, एका मोठ्या कॉम्प्युटरचे सॉफ्टवेअरनं तुकडे पाडून प्रत्येकाला भासवायचं की हा अख्खा कॉम्प्युटर तुझाच. ही युक्ती नवी नाही, आयबीएमनं 1972 सालीच ती मेनफ्रेमवर, म्हणजे त्या काळच्या मोठ्या कॉम्प्युटरवर, बाजारात आणली होती. व्हायव्हात हे सांग, बरं दिसतं.

आता कार्ड. मीटरवर मोजणं हा गुण परीक्षेपुरता नसतो, बिलातही असतो. मी स्वतः शिकताना एक मशीन चालू केलं, काम झालं, लॅपटॉप बंद केला आणि गणपतीला गावी निघून गेले. आरत्या, मोदक, सगळं व्यवस्थित. परत आल्यावर बिल. लॅपटॉप बंद केला म्हणजे तिकडचं मशीन बंद होत नाही हे मला माहीत होतं हो, विसरले एवढंच, आणि विसरण्याचे पैसे लागतात. शिवाय मशीन नुसतं थांबवलं तरी त्याच्या डिस्कचं भाडं चालूच राहतं, आणि अमेझॉननं तर 2024 च्या फेब्रुवारीपासून सार्वजनिक आयपी पत्त्यालाही, म्हणजे मशीनच्या इंटरनेटवरच्या पत्त्यालाही, तासाला पैसे लावलेत. तेव्हा काम झालं की थांबवू नको, काढूनच टाक, डिस्कसकट. खातं काढलंस तर सगळ्यात पहिलं काम बजेट अलर्ट लावायचं, पण तो अलर्ट फक्त मेल पाठवतो, मशीन बंद करत नाही, हे बऱ्याच जणांना बिल आल्यावर कळतं.

माझं मत विचारशील तर पहिले दोन-तीन महिने आपल्याच लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्स (व्हर्च्युअल मशीन बनवायचं सॉफ्टवेअर) टाकून लिनक्स शिक. आठपैकी सहा गोष्टी तिथंच शिकता येतात. नंतर कॉलेजच्या मेलवर विद्यार्थ्यांसाठी काही कंपन्या कार्डाशिवाय सोय देतात ती बघ. बाबांचं कार्ड द्यायचंच झालं तर बाबांना सांगून दे.

निपाणीहून. आमची जमीन कर्नाटकात, पोरगा शिकला कोल्हापूरला. डिजीलॉकरमध्ये दोन्हीकडचे कागद येतात काय? आणि हा आमचा डेटा शेवटी कुठल्या राज्यात राहतो?

सीमाप्रश्न क्लाऊडपर्यंत पोचला म्हणायचा! डिजीलॉकर हे केंद्राचं, 2015 ला सुरू झालं, त्यामुळं दोन्ही राज्यांतले विभाग त्यात असू शकतात. लोकांना वाटतं आपले सगळे कागद तिथं गठ्ठा करून ठेवलेत. तसं नाही. विभागानं दिलेला कागद त्या त्या विभागाकडंच राहतो, तुमच्या लॉकरमध्ये असतो तो त्याचा दुवा, उघडला की तिकडनं आणून दाखवतात. म्हणजे बोर्डाचं सर्टिफिकेट बोर्डाकडं, लायसन्स परिवहन खात्याकडं. जे तुम्ही स्वतः स्कॅन करून टाकता तेवढंच खरं लॉकरमध्ये असतं, आणि त्याला मूळ कागदाचा दर्जा नसतो, तो दर्जा विभागाकडनं आलेल्यालाच, 2016 च्या नियमांत तशी तरतूद आहे.

आपल्याकडची खरी अडचण वेगळीच. आधारवर नाव कन्नडमधनं इंग्रजीत गेलेलं, मार्कशीटवर मराठीतनं इंग्रजीत गेलेलं, एकात शेवटी "कर" तर दुसऱ्यात त्याचं काहीतरी भलतंच. लॉकर नाव जुळवून बघतो आणि नाही म्हणतो. ह्याला क्लाऊड काही करू शकत नाही, आधी आधार केंद्रात जाऊन नाव दुरुस्त करून आणा.

आणि जाता जाता, केंद्र सरकारनंसुद्धा आपल्या क्लाऊडचं नाव मेघराज ठेवलंय. म्हणजे ढग हा शब्द सरकारी दरबारी मान्य आहे.

माझं जीमेल मोबाईल दुकानदारानं काढून दिलं. पासवर्ड त्यालाच माहीत होता, आता तो म्हणतो लक्षात नाही. नंबरही त्यानं त्याचाच टाकला होता वाटतं. नवीन फोन घेतलाय, सगळे फोटो, नंबर जुन्यात. मिस्टर गेल्या वर्षी गेले, त्यांच्या आवाजातले काही व्हिडिओ त्यात आहेत. (चिकोडी)

काकू, हे आधी नीट करूया. जुना फोन चालू असेल आणि त्यात ते खातं अजून उघडलेलं असेल, तर ते तुमचं नशीब. ते व्हिडिओ आधी केबल लावून कुणाच्या तरी कॉम्प्युटरवर उतरवून घ्या, ह्याला पासवर्ड लागत नाही. दोन ठिकाणी उतरवा.

मग त्याच जुन्या फोनवरनं, घरात बसून, घरच्याच वायफायवरनं "फरगॉट पासवर्ड" करा. ओळखीचा फोन आणि ओळखीची जागा असली की गूगल लवकर ऐकतं, नवीन फोनवरनं नाहीतर नेट कॅफेतनं केलं तर संशय घेतं. कोड दुकानदाराच्या नंबरवर गेला तर त्याला समोर बसवूनच करा. आत शिरल्यावर त्याचा नंबर काढून तुमचा घाला, आणि दुसरा म्हणून मुलाचा किंवा मुलीचा मेल घाला. तुमचं सिमकार्डही चालू ठेवा, बंद पडलेला नंबर 90 दिवसांनंतर दुसऱ्या कुणाला तरी मिळू शकतो, मग कोड त्याच्याकडं.

मिस्टरांचं वेगळं खातं होतं काय ते लिहिलं नाहीत. असेल तर त्यात लवकर लक्ष घाला, दोन वर्षं कुणी उघडलं नाही तर गूगल असं खातं काढून टाकू शकतं. वारल्याचा दाखला जोडून घरच्यांना अर्ज करता येतो, वेळ लागतो आणि सगळं मिळेलच असं नाही, तरी करा.

आणि तो जुना फोन एक्स्चेंजमध्ये देऊ नका. दिला असेल तर हे वाचून झाल्यावर नको, आत्ताच दुकानात जा.